लोकलच्या डब्यातले दिवे गेले तर : काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

डब्यात अचानक अंधार झाला की कुणी दाराकडे सरकतं, कुणी टॉर्च लावून समोरच्याच्या डोळ्यांवर मारतं, आणि एखादा तरी ‘अरे साखळी ओढा’ म्हणून ओरडतोच. हे सगळं पहिल्या दहा सेकंदांत होतं, आणि दुखापती होतात त्या बहुतेक याच गडबडीत. एरवी नुसत्या अंधाराने कुणाला काही होत नाही. म्हणून काय करायचं याइतकंच ते कुठल्या क्रमाने करायचं हेही महत्त्वाचं आहे.

खालचे टप्पे मुंबईच्या साध्या, म्हणजे उघड्या दारांच्या लोकलसाठी आहेत. एसी लोकलचं गणित वेगळं असल्यामुळे तिचा भाग शेवटी स्वतंत्र दिला आहे.

टप्पा १ : तयारी (एकदाच करायची, पाच मिनिटांची)

मोबाइलचा टॉर्च स्क्रीन लॉक असतानाच एका हाताने लागला पाहिजे. दुसरा हात रॉडला असणार हे गृहीत धरा. रात्री घरी दिवा बंद करून दोन-तीनदा करून पाहा. ज्यांना पॅटर्न काढून मग मेनू खाली ओढावा लागतो, त्यांच्या हातून गर्दीत फोन हमखास पडतो. परतीच्या प्रवासासाठी वीस टक्के तरी बॅटरी राखून ठेवा. रील्स बघत तीन टक्क्यांवर आलेला फोन अशा वेळी निव्वळ ओझं असतो.

तीन नंबर सेव्ह करा, आणि कुठला कशासाठी तेही नावातच लिहा :

१३९ – रेल्वेची हेल्पलाइन. दिवे, धूर, आजारी प्रवासी, सुरक्षा, सगळं.
१५१२ – लोहमार्ग पोलीस. चोरी, छेडछाड, मारहाण.
११२ – वरचे दोन्ही लागत नसतील तेव्हा.

जुन्या डब्यांत १८२ नंबरचे स्टिकर अजून दिसतात. तो नंबर २०२१ मध्ये १३९ मध्ये विलीन झाला. तो लावत बसू नका.

राहिली डब्याची ओळख. तुमचा नेहमीचा डबा कितवा, हे गाडीच्या टोकावरून मोजून ठेवा : ‘चर्चगेटकडून सातवा’, ‘सीएसएमटीकडून तिसरा’. ‘पुढून’ आणि ‘मागून’ हे शब्द टाळा. गाडी परत फिरली की पुढचं मागे होतं, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात गोंधळ होतो. डब्याच्या आतल्या भिंतीवर डब्याचा क्रमांक लिहिलेला असतो. तो उजेड असताना पाहून ठेवायचा, कारण हवा असेल तेव्हा दिसणार नाही. त्याच नजरेत साखळी कुठे आहे तेही बघून घ्या.

तपासा : डोळे मिटून सांगता येतंय का, साखळी तुमच्या उजव्या हाताला की डाव्या?

टप्पा २ : फलाटावर अंधारा डबा समोर आला तर

चढू नका. सांगायला सोपं आहे आणि पाळायला कठीण, कारण अंधाऱ्या डब्यात जागा असते, आणि रिकामी सीट दिसली की मुंबईकराचे पाय आपोआप वळतात. पण त्या डब्यात आत कोण आहे, खाली काय सांडलंय, सीट तुटली आहे का, यातलं काहीच दिसत नाही. शेजारचा उजेडाचा डबा गाठा. गर्दी असेल तर गाडी सोडा.

दिवसा बंद असलेला दिवा कुणाच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला निघालेल्या गाडीचा अंधारा डबा शेवटचं स्टेशन येईपर्यंत तसाच धावतो, तो यामुळेच. दिवे बंद दिसले तर फलाटावरूनच १३९ ला कळवा. शेवटच्या डब्याजवळ उभे असाल तर गार्डला सांगा (आता या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ‘गार्ड’ म्हटलेलं सगळ्यांना कळतं). गाडी सुटायच्या घाईत त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. एकच वाक्य : ‘तुमच्याकडून चौथा डबा, पूर्ण अंधार.’

रात्री महिलांचा डबा अंधारा आणि रिकामा असेल तर केवळ ‘आपला डबा’ म्हणून त्यात बसू नये. जनरल डब्यात महिलांना पूर्ण मुभा आहे. उजेड आणि चार माणसं असलेला जनरल डबा केव्हाही बरा. महिलांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड चढलेला दिसला तर बसा, आणि दिवे बंद असल्याचं त्याच्याच कानावर घाला.

टप्पा ३ : धावत्या गाडीत दिवे गेले, पहिलं अर्धं मिनिट

१. आहात तिथेच थांबा.
२. रॉड किंवा हँडल पकडा. वरचं लोंबतं हँडल हाताला लागलं नाही तर सीटची पाठ धरा.
३. दारात असाल तर दोन पावलं आत या. पाठ आत, तोंड बाहेर अशी उलटी पावलं टाकू नका. बाजूने सरका, एक हात रॉडवर ठेवून.
४. मनात तीसपर्यंत मोजा.

तीसच का? ओव्हरहेड वायर सलग एकच नसते. वेगवेगळ्या सबस्टेशनांवरून येणाऱ्या विजेचे टप्पे असतात, आणि दोन टप्प्यांच्या मधे थोडा तुकडा बिनविजेचा ठेवलेला असतो. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. तिथून जाताना मोटरमन गाडीचा मुख्य स्विच बंद करतो, गाडी आपल्या वेगाने पुढे घरंगळते आणि पलीकडे गेल्यावर स्विच पुन्हा चालू होतो. तेवढा वेळ पंखे मंदावतात, दिवे जातात किंवा मोजकेच राहतात. हा बिघाड नव्हे. रोजच्या प्रवाशांना आपल्या मार्गावर हे कुठे होतं ते ठाऊक असतं, नवखे मात्र घाबरून उठतात. शेजारी कुणी दचकलं तर ‘आत्ता येतील’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

सावधान : याच अर्ध्या मिनिटात खिसेकापूंचं काम होतं. बॅग पाठीवर असेल तर पुढे घ्या. ती घेताना रॉड सोडू नका.

टप्पा ४ : बिघाड कुठला ते ओळखणं

तीस मोजून झाले आणि उजेड आला नाही. आता पाहायचं, ऐकायचं, वास घ्यायचा. पुढे कुणाला काय कळवायचं आणि किती घाई करायची, हे यावर ठरतं.

पंखे चालू, दिवे बंद : बिघाड दिव्यांच्या सर्किटपुरता. गाडीला धोका नाही. कळवायचं आणि पुढच्या थांब्यावर डबा बदलायचा.

पंखे आणि दिवे दोन्ही बंद, पण एक-दोन दिवे मिणमिणताहेत : हे इमर्जन्सी दिवे. ते गाडीच्या बॅटरीवर चालतात, म्हणजे वरून येणारा पुरवठा तुटलाय आणि बॅटरी शाबूत आहे. साध्या लोकलमध्ये तीन-तीन डब्यांचं एक युनिट असतं. बारा डब्यांची गाडी म्हणजे चार युनिटं. एका युनिटची दिव्यापंख्यांना वीज देणारी यंत्रणा बसली तर लागोपाठचे तीन डबे अंधारात जातात आणि बाकी गाडी झगमगत असते. वळणावर बाहेर न वाकता खिडकीतून नजर टाकली तर कळतं.

सगळी गाडी अंधारात, वेग कमी कमी होतोय : ओव्हरहेड वायरची वीज गेली किंवा पेंटाग्राफ (वायरमधून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) अडकला. गाडी मधेच थांबणार असं धरून चाला आणि टप्पा ९ वाचलेला आठवा.

इथे एक चूक नेहमी होते. बाहेर स्टेशनचे किंवा इमारतींचे दिवे चालू दिसले की लोक म्हणतात, ‘लाइट तर आहे, मग गाडीतच घोटाळा.’ स्टेशनचे दिवे आणि गाडीची वायर यांचा पुरवठा वेगळा असतो. फलाट उजळलेला असूनही वायर मेलेली असू शकते. याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त धोक्याचं : डबा अंधारा असतो, पण वर वायरमध्ये २५,००० व्होल्ट जिवंत असतात.

वास : जळक्या प्लॅस्टिकचा किंवा रबराचा वास येत असेल तर वरचं सगळं बाजूला. वास जिथून येतोय त्याच्या विरुद्ध टोकाला सरका, इतरांना सरकवा, लगेच १३९ लावा. धूर किंवा ज्वाळा दिसली तर सरळ टप्पा ७. ब्रेकचा करपट वास खालून येतो आणि थोड्या वेळात विरतो. वायरिंगचा वास आतून येतो आणि वाढत जातो. फरक ओळखता आला नाही तर वायरिंगचाच धरा.

सावधान : डब्यातल्या भिंतीवरच्या पेट्या, झाकणं, स्विच उघडून ‘फ्यूज बघतो’ म्हणणारा एक उत्साही गृहस्थ बहुतेक डब्यांत निघतो. त्याला थांबवा. मोटर कोचमध्ये (गाडी ओढणाऱ्या मोटरी असलेल्या डब्यात) धोक्याची पाटी लावलेल्या बंद कप्प्याला तर टेकूनही उभं राहू नये.

टप्पा ५ : उजेड करणं

वीस जणांनी टॉर्च लावायची गरज नाही. तीन पुरतात : दोन दोन्ही बाजूंच्या दारांकडे, एक मधल्या पॅसेजमध्ये. टॉर्च छताकडे धरा. छत फिक्या रंगाचं असतं, उजेड परतून सगळीकडे पसरतो आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. डोळ्यांवर झोत पडलेल्या माणसाला पुढे काही मिनिटं धड दिसत नाही, आणि तोच माणूस पुढच्या स्टेशनला उतरायला निघतो. सीटवर बसलेल्याने मोबाइल उताणा ठेवून टॉर्चवर पाण्याची पारदर्शक बाटली उभी केली तर समोरासमोरच्या सीटांच्या त्या अख्ख्या कप्प्यात मऊ उजेड होतो. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना, एवढं पाहा.

दाराकडचा टॉर्च धरणारा माणूस दारात नको. तो दारापासून हातभर आत, रॉडला पाठ लावून उभा राहील. दारात किंवा खिडकीशी फोन हातात धरला की फटका गँगला आयतं गिऱ्हाईक मिळतं : रुळांशेजारी काठी घेऊन उभा असलेला माणूस मनगटावर फटका मारतो, फोन खाली पडतो आणि तो झेलायला वाकलेला प्रवासी तोल जाऊन फोनच्या मागोमाग जातो. अंधाऱ्या डब्यातला पेटलेला टॉर्च लांबून दिसतो, हे लक्षात असू द्या.

टॉर्च बाहेर काढून हलवू तर मुळीच नका. रेल्वेच्या नियमांत लाल दिवा दाखवणं किंवा पांढरा दिवा अंगासमोर आडवा जोरजोरात हलवणं म्हणजे ‘थांबा’. शेजारच्या रुळावरच्या मोटरमनने तो पाहिला तर त्याला ब्रेक मारावेच लागतात. खरोखर कुणी रुळावर पडलं असेल आणि समोरून गाडी येत असेल, तर मात्र हाच इशारा वापरायचा : पांढरा टॉर्च, शरीरासमोर, डावीकडून उजवीकडे, जोरात. वर-खाली किंवा गोल गोल नाही.

टप्पा ६ : कळवणं

‘लाइट गेलीय, लवकर काहीतरी करा’ या तक्रारीवर कुणीच काही करू शकत नाही. एका वेळी शेकडो गाड्या धावत असतात. फोन लावण्याआधी पाच गोष्टी मनात जुळवा : गाडी, शेवटचं सोडलेलं स्टेशन आणि वेळ, डबा, काय बंद आहे, वास किंवा धूर आहे की नाही. उदाहरणार्थ :

‘चर्चगेटहून सुटलेली विरार फास्ट. ९ वाजून १२ मिनिटांनी अंधेरी सोडली, पुढचा थांबा बोरिवली. चर्चगेटकडून पाचवा डबा, सेकंड क्लास. दिवे, पंखे, इमर्जन्सी दिवे सगळं बंद. जळका वास नाही. कुणाला लागलेलं नाही.’

एवढं सांगायला वीस सेकंद लागतात आणि समोरच्याला उलट प्रश्न विचारावा लागत नाही. शेवटची दोन वाक्यं लोक हटकून विसरतात, आणि किती घाई करायची ते त्यांच्यावरच ठरतं. डब्यातल्या एकानेच फोन करावा आणि ‘मी लावलाय’ असं मोठ्याने सांगावं. फोन लागत नसेल, डब्यात आवाज असेल, तर ‘रेल मदद’ अॅपवर हाच मजकूर टाका. तिथे फोटोही जोडता येतो. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

छेडछाड किंवा चोरी झाली असेल तर १५१२. तिथेही डबा आणि पुढचं स्टेशन आधी सांगा, प्रसंग नंतर. पोलिसाला फलाटावर नेमक्या जागी उभं राहायचं असतं.

टप्पा ७ : साखळी, केव्हा आणि केव्हा नाही

नुसते दिवे गेले म्हणून साखळी ओढू नका. साखळी ओढली की हवा सुटल्याचा आवाज येतो, ब्रेक लागतात आणि गाडी दोन स्टेशनांच्या मधे कुठेतरी थांबते. मग गार्डला त्या डब्यापर्यंत चालत येऊन ती पूर्ववत करावी लागते. बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटर लांब असते. म्हणजे उजेडाचं स्टेशन तीन मिनिटांवर असताना तुम्ही अंधाऱ्या डब्यात अंधाऱ्या रुळांमधे, मागच्या चार गाड्या अडवून बसणार. रेल्वे कायद्याच्या कलम १४१ नुसार सबळ कारणाशिवाय साखळी ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

साखळी ओढायची ती पुढच्या प्रसंगी : आग किंवा वाढता धूर; माणूस गाडीतून पडला; हल्ला होतोय आणि मदतीला कुणी नाही; उतरताना कुणी फलाट आणि डब्याच्या मधे अडकलंय आणि गाडी हलली.

गाडी फलाटाला लागत असेल आणि दहा-पंधरा सेकंद थांबणं परवडणारं असेल, तर फलाट आल्यावर ओढा. मदत तिथे आहे. फक्त आग आणि अडकलेला माणूस याला अपवाद. ओढताना हलका झटका पुरत नाही. पूर्ण खाली येईपर्यंत जोर लावायचा. काही गाड्यांत महिलांच्या डब्यात गार्डशी बोलायचं बटण असतं. असेल तर साखळीआधी ते.

टप्पा ८ : अंधारात उतरणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

गाडी थांबली म्हणजे स्टेशन आलं असं नाही. होम सिग्नलला, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलला, गाडी फलाटाच्या अलीकडे उभी राहते. उजेडाच्या डब्यात हे एका नजरेत कळतं, अंधाऱ्या डब्यात मागचा ढकलतो आणि पुढचा पाऊल टाकतो. फलाटापासून लोकलचा तळ साधारण फूटभर उंच असतो, पण रुळापासून तो जवळपास चार फूट असतो आणि खाली खडी. फूटभराच्या तयारीने टाकलेलं पाऊल चार फूट खाली गेलं की घोटा किंवा गुडघा मोडतोच, आणि वर शेजारचा रूळ असतो.

आणि बाजू. रोजच्या स्टेशनला फलाट कुठल्या हाताला येतो हे सगळ्यांना पाठ असतं. पण गाडी उशिरा धावत असेल, ब्लॉक असेल किंवा फास्ट गाडी स्लो ट्रॅकवर वळवली असेल, तर फलाट दुसऱ्या बाजूला येतो. डब्यातली उद्घोषणा आणि इंडिकेटर वीज गेल्यावर बंद पडलेले असू शकतात. सवयीने नेहमीच्या दाराकडे गेलात तर समोर उघडा ट्रॅक.

म्हणून क्रम असा :

१. गाडी पूर्ण थांबेपर्यंत दारापासून हातभर आत. उतरायची रांग लावा, पण मागच्याने पुढच्याच्या पाठीला हात लावायचा नाही.
२. सगळ्यात पुढच्या माणसाने टॉर्च खाली, सरळ पायाशी मारायचा. फलाटाची कड आणि तिच्यावरचा पट्टा दिसला पाहिजे. खडी दिसली तर मोठ्याने ‘फलाट नाही’.
३. फलाट दिसला की ‘फलाट आहे’ असंही मोठ्याने सांगायचं. मागच्यांना ते ऐकू येतं, दिसत नाही.
४. टॉर्च मागच्याकडे द्या किंवा खिशात टाका. एक हात दाराच्या मधल्या रॉडवर, दुसरा मोकळा. बॅग खांद्यावरून पुढे.
५. गाडीच्या दिशेला किंचित वळून पाऊल टाका, फटीवरून लांब. दोन्ही पाय टेकल्यावरच रॉड सोडा.
६. उतरल्यावर तिथेच थांबून फोन लावू नका. मागे माणसं आहेत. तीन-चार पावलं पुढे.

लहान मूल असेल तर आधी एक मोठा माणूस उतरेल, मग मूल हातात दिलं जाईल, मग दुसरा मोठा. मुलाला ‘उडी मार’ म्हणू नये. वयस्कर माणसाला वरून धरून उतरवणं चुकीचं, कारण दोघांचा तोल एकदमच जातो. खाली उभ्या असलेल्याने काखेत हात द्यावा.

सावधान : चालती गाडी सोडायची सवय ज्यांना आहे, त्यांनी अंधाऱ्या डब्यातून ती वापरू नये. वेगाचा अंदाज आपण बाहेर मागे जाणाऱ्या वस्तूंवरून करतो, आणि फलाटाच्या टोकाला बऱ्याचदा पुरेसा उजेड नसतो.

टप्पा ९ : गाडी दोन स्टेशनांच्या मधे अडकली

आतच थांबा. साध्या लोकलमध्ये हवा आहे, दारं उघडी आहेत, घाम येईल एवढंच. खालचा ट्रॅक मात्र बंद नसतो. आपली वायर गेली म्हणून शेजारची गेली असं नाही. १०० किलोमीटर वेगाने येणारी लोकल सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. तीनशे मीटरवर दिसलेली गाडी अकरा सेकंदांत अंगावर असते, आणि ब्रेक मारूनही तेवढ्या अंतरात ती थांबेल याचा भरवसा नाही. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो. शेजारच्या रुळावरून दुसरा तसाच डबा गेला की मधे माणसाने सुखरूप उभं राहावं अशी जागा उरत नाही.

२२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, साखळी ओढली गेली, लोक उतरून शेजारच्या रुळावर गेले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण गेले. त्यांच्या डब्यात आग नव्हती. म्हणून डब्यात कुणी ‘आग, आग’ म्हणालं तर पहिला प्रश्न : ‘कुठे दिसली?’ पाहणारा माणूस सापडला नाही तर कुणी उतरू नये.

वायर तुटून डब्यावर लोंबत असेल तर आत असणंच सुरक्षित. डब्याचं लोखंडी शरीर चाकांतून रुळाशी जोडलेलं असतं. धोका तयार होतो तो एक हात डब्याला आणि एक पाय जमिनीला अशी अवस्था झाली की. आगीमुळे उतरावंच लागलं तर डबा न धरता दोन्ही पाय जुळवून उडी मारा आणि छोटी पावलं टाकत लांब व्हा. फक्त याच एका प्रसंगी डबा न धरता उतरायचं असतं.

रेल्वे कर्मचाऱ्याने ‘उतरा’ म्हटलं, तरच उतरायचं :

१. तो दाखवेल त्याच बाजूने. शेजारी ट्रॅक नसलेली बाजू शक्यतो.
२. दाराच्या उंबरठ्यावर बसा, रॉड धरा, पाय खाली सोडा, मग उतरा. उभ्याने उडी नको. आधी उतरलेले दोघे खाली हात द्यायला थांबतील.
३. चालायचं ते रुळांच्या बाहेरच्या कडेने, एका रांगेत. टॉर्च पायाशी.
४. रुळावर पाय देऊ नका, ओला रूळ साबणासारखा असतो. दोन रूळ जिथे एकमेकांना मिळतात त्या सांध्यात तर पाऊल ठेवूच नका. ते रूळ मोटरने सरकतात, आणि अडकलेला पाय सुटत नाही.
५. छत्री उघडून उंच धरू नका, काठी किंवा सामान डोक्यावर उभं करू नका. जिवंत वायरपासून दोन मीटरच्या आत काहीही जाता कामा नये. टपावर चढणं तर सोडूनच द्या.
६. पावसाळ्यात रुळांमधे पाणी असेल तर खालची गटारं दिसत नाहीत. पाणी घोट्याच्या वर असेल तर न उतरण्याचा आग्रह धरा.

गाडी खाडीपुलावर उभी असेल, वसईची खाडी म्हणा किंवा ठाण्याची, तर उतरायचा विचारही नको. रात्री पुलावरची चालायची जागा कुठे संपते तेच कळत नाही.

थांबायचं असेल तेव्हा फोनचे टॉर्च आळीपाळीने लावा. इमर्जन्सी दिवे बॅटरीवर आहेत आणि बॅटरी संपते. गाडी तासभर थांबली तर तेही मंदावतील. त्याने घाबरून जायचं कारण नाही.

एसी लोकल असेल तर

इथे दारं बंद, खिडक्या बंद, म्हणून प्रश्न उजेडाचा कमी आणि हवेचा जास्त. वीज गेल्यावर गारवा दोन-चार मिनिटंच टिकतो. दारापाशी गर्दी करू नका. आतून शेजारच्या डब्यात जाता येतं, त्यामुळे आपला डबा अंधारा असेल तर उजेडाकडे सरका, पण गाडी थांबलेली किंवा एकसारखी चालत असताना, ब्रेक लागताना नव्हे.

दाराजवळ मोटरमन किंवा गार्डशी बोलायची टॉकबॅक यंत्रणा असते. बटण दाबा, उत्तर येईपर्यंत थांबा, डबा आणि अडचण एका वाक्यात सांगा. सगळ्यांनी एकदम दाबत राहिलं तर कुणाचंच ऐकू जात नाही. दार उघडण्याचं आपत्कालीन हँडल गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आणि सूचना मिळाल्याशिवाय वापरू नका. गाडी मधेच असेल तर दार उघडल्यावरही आत थांबायचं असतं. दार उघडणं हवेसाठी, उतरण्यासाठी नाही. दमा असलेल्या, गरोदर आणि वयस्कर माणसांना दाराजवळ बसवा, तरण्यांनी आत सरकावं.

१९ ऑगस्ट २०२५ ला चेंबूरजवळ मोनोरेल वीज जाऊन अडकली तेव्हा आतल्यांना अग्निशमन दलाच्या शिड्यांवरून उतरवावं लागलं. बंद डब्यात आधी हवा जाते, मग धीर. म्हणून टॉकबॅकवर दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर १३९ आणि ११२ दोन्ही लावा, आणि ‘बंद डबा, हवा नाही, अमुक आजारी’ हे शब्द वापरा.

उतरल्यावर

तिकीट किंवा पास फेकू नका. दुखापत झाली असेल तर नुकसानभरपाईच्या दाव्यात तुम्ही रीतसर प्रवासी होता हे त्यावरून सहज सिद्ध होतं. मोबाइलवरच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट काढा. दुखापत असेल तर स्टेशन मास्तरकडे लगेच नोंद करा आणि उपचाराच्या कागदावर वेळ आणि स्टेशन लिहून घ्या. ‘घरी जाऊन बघू’ म्हणणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सूज दिसते आणि नोंद मात्र नसते.

चोरीची तक्रार ज्या स्टेशनला उतरलात तिथल्या लोहमार्ग पोलिसांकडे देता येते. ‘हद्द आमची नाही’ म्हटलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा. फोन गेला असेल तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम आणि बँकेचे व्यवहार बंद करा, तक्रार त्यानंतर.

दिव्यांच्या तक्रारीचा क्रमांक आला असेल तर दुसऱ्या दिवशी त्याची स्थिती पाहा. ‘निकाली’ दिसलं आणि त्याच गाडीचा तोच डबा पुन्हा अंधारात आला, तर नवी तक्रार करताना जुना क्रमांक त्यात लिहा. डब्याचा क्रमांक लिहिला असेल तर कारशेडमध्ये नेमका तोच डबा बाजूला काढता येतो. ‘संध्याकाळची बदलापूर’ एवढंच लिहिलंत तर तपासायला त्यांच्याकडे डझनभर गाड्या उरतात.